परवान्यांचा हिशेब द्या: साठ दिवसांची मुदत

हा इशारा आहे. विनंत्या करून झाल्या.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर आणि अंबरनाथ या पट्ट्यात ज्यांच्या सहीने माणसाच्या कंबरेला पिस्तूल लागते, त्यांना तो आहे. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गृह खात्याला आहे. त्या सहीसाठी शब्द टाकणाऱ्या पुढाऱ्यांनाही आहे.

आम्ही या शहरांचे रहिवासी आहोत. सोसायट्यांचे सचिव, चाळ समित्यांचे कार्यकर्ते, वकील, शिक्षक, दुकानदार, निवृत्त सरकारी नोकर. रोज पहाटे लोकल पकडणारे.

आम्ही संघटित आहोत. आम्ही निःशस्त्र आहोत. दोन्ही विचारपूर्वक.

मुदत साठ दिवसांची आहे. हा मजकूर छापला जाईल त्या दिवसापासून ती मोजावी.

काय घडले ते तुम्हाला ठाऊक आहे. तरीही नोंदीसाठी लिहितो.

२ फेब्रुवारी २०२४. शुक्रवार. उल्हासनगरचे हिललाईन पोलीस ठाणे.

वाद कल्याणजवळच्या द्वारली गावातल्या जमिनीचा होता. दोन्ही बाजू पोलीस ठाण्यात आल्या होत्या. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या दालनात गोळ्या सुटल्या. शिवसेनेचे कल्याण पूर्वचे शहरप्रमुख महेश गायकवाड आणि त्यांचे सहकारी राहुल पाटील जखमी झाले. गोळ्या झाडल्याचा आरोप कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांच्यावर आहे. त्यांना अटक झाली. दालनातल्या कॅमेऱ्याचे चित्रण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

खटल्याचा निकाल न्यायालय देईल. त्यावर आम्ही एक शब्दही बोलणार नाही.

आमचा प्रश्न परवान्याचा आहे. ते पिस्तूल परवान्याचे असल्याचे तेव्हाच समोर आले. गावठी कट्टा नव्हता. चोरीचा माल नव्हता. राज्याने अर्ज घेतला, चौकशी केली, शिक्का मारला आणि ते हाती दिले.

पोलीस ठाण्याच्या आत, अधिकाऱ्याच्या टेबलासमोर, परवान्याचे शस्त्र भरून नेता येते. मग आमच्या मुलांच्या शाळेच्या फाटकाबाहेर ते कोण अडवणार आहे?

त्यानंतर सहाव्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, बोरिवली-दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू होते. मारेकऱ्याने नंतर स्वतःलाही संपवले. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होते. परवाना उत्तर प्रदेशातला होता.

एका आठवड्यात दोन घटना. दोन्हीकडे परवाना होता. दोन्हीकडे राज्याची सही होती.

त्याआधीही घडत होते. जानेवारी २०१९ मध्ये डोंबिवलीत एका दुकानातून पोलिसांनी तलवारी, चॉपर, गुप्त्या असा दीडशेहून अधिक शस्त्रांचा साठा पकडला. नोव्हेंबर २०२० मध्ये ठाण्यात राबोडीत मनसेचे पदाधिकारी जमील शेख यांना भररस्त्यात गोळी घातली गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला बैलगाडा शर्यतीच्या वादातून गोळीबार झाला.

प्रत्येक वेळी चौकशीचे आश्वासन मिळाले. प्रत्येक वेळी आम्ही थांबलो.

आम्ही अर्ज दिले. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. स्मरणपत्रे दिली. भेटीची वेळ मागितली. साहेब बैठकीत होते. पुन्हा मागितली. साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. फाइल जिथे होती तिथेच राहिली.

ती कार्यालये कोणती आणि ती टेबले कोणाची, हे इथे लिहीत नाही. पोचपावत्या आमच्याकडे आहेत. योग्य जागी दाखवू.

या सगळ्या काळात आम्ही रस्ता अडवला नाही. काच फोडली नाही. कोणाच्या घरावर मोर्चा नेला नाही.

तुम्ही त्याला दुबळेपणा समजलात. तो संयम होता, आणि संयमाला मुदत असते.

आता कायद्याचे बोलू.

अलीकडे काही मंडळी बंदुकीला हक्क म्हणू लागली आहेत. परवाना नाकारला की स्वातंत्र्य गेले, अशी त्यांची भाषा आहे. परवाना देणारेही कधी कधी तिच्याआड लपतात. म्हणून इतिहास स्पष्ट लिहितो.

१८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा आणला. भारतीयांना परवान्याची सक्ती झाली. युरोपियनांना सूट राहिली. तो अपमान होता. राष्ट्रीय चळवळ तो विसरली नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला.

पुढे देश स्वतःचे संविधान लिहायला बसला. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी संविधान सभेत हाच हक्क मूलभूत हक्कांत घेण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा मुद्दा सरळ होता. हा मूलभूत हक्क झाला, तर सराईत गुन्हेगारही तो मागेल आणि राज्याला नाही म्हणता येणार नाही. सभेने दुरुस्ती फेटाळली.

परक्यांनी शस्त्र काढून घेतले होते. आपल्या माणसांनी पूर्ण विचार करून, भर सभेत चर्चा करून, बंदुकीला हक्काची जागा नाकारली. यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने संविधानाचे नाव घेऊ नये.

संविधानाने दिले ते वेगळे. कलम १९ ने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले. कलम २१ ने जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले.

विनाशस्त्र. ही अट आम्ही पाळतो. सभेच्या मंचावर कंबरेला पिस्तूल लावून बसणाऱ्यालाही ती पाळावी लागेल.

काहींना अमेरिकेचा दाखला आवडतो. तिथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्राचा हक्क दिला आहे. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यातली एक अट रद्द केली. घराबाहेर पिस्तूल बाळगायचे तर खास कारण दाखवा, ही ती अट. आपल्या परवाना पद्धतीचा पायाच ही अट आहे. तो दाखला इथे लागू नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये हेच नोंदवले. अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क भारताच्या संविधानाने कोणालाही दिलेला नाही. बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची न्यायालयाने त्या वेळी स्वतःहून दखल घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमायला सांगितले.

तेव्हा परवाना ही राज्याने दिलेली सवलत आहे. राज्य ती आमच्या नावाने देते. तिचा हिशेब आम्हाला देणे लागते.

कायदा अपुरा आहे, असे सांगू नका.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १४ परवाना नाकारण्याचा अधिकार देते. सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता हे कारण पुरेसे आहे. अर्जदार कोणत्याही कारणाने अपात्र वाटला, तरी पुरेसे आहे. कलम १७ दिलेला परवाना निलंबित करण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार देते. त्यासाठी गुन्हा सिद्ध होईपर्यंत थांबावे लागत नाही. परवाना अधिकाऱ्याची लेखी खात्री लागते. एवढेच.

२०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली. जास्तीचे शस्त्र वर्षभरात जमा करायचे होते. या पट्ट्यात किती जमा झाली, ते सांगा. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडून जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. या पट्ट्यात किती गुन्हे नोंदवले, ते सांगा.

विषय केंद्राचा आहे, असेही सांगू नका. शस्त्रे केंद्र सूचीत आहेत, हे आम्हाला माहीत आहे. कायदा दिल्लीचा आहे. सही इथली आहे. चौकशी अहवाल इथल्या पोलीस ठाण्याचा आहे. दिल्लीकडे बोट दाखवून सही पुसली जात नाही.

होत नाही, हे तर सांगूच नका.

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. महाराष्ट्र पेटून उठला. त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे उजेडात आले. मग प्रशासनाने फायली काढल्या. शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. कायदा तोच होता. कलमे तीच होती. फक्त कोणीतरी कपाट उघडले.

बीडला कपाट उघडायला एक खून पडावा लागला. आम्ही ती वाट पाहणार नाही.

आणखी एक गोष्ट. निवडणूक आली की तुम्ही छाननी समिती बसवता. परवान्याची शस्त्रे जमा करून घेता. कोणाच्या हातात शस्त्र राहिले तर धोका आहे, याची यादी तेव्हा तुमच्याकडे तयार असते. निकाल लागला की शस्त्रे परत करता. धोका आचारसंहितेपुरता असतो का? यादी तुमच्याकडे आहे. तुम्ही ती वर्षभर वापरत नाही.

या पट्ट्यात शस्त्र कशासाठी हवे असते, हेही तुम्हाला माहीत आहे. जमीन. सत्तावीस गावांचा भाग, मलंगगड रस्ता, शिळफाटा. काल शेत होते, आज टॉवर आहे. सातबाऱ्यावर एकाचे नाव, कुलमुखत्यारपत्र दुसऱ्याकडे, कुंपण तिसऱ्याचे. मोजणीच्या दिवशी गाड्या येतात. गाड्यांतून माणसे उतरतात. शर्ट मुद्दाम वर केलेला असतो. एकही गोळी सुटत नाही आणि म्हातारा शेतकरी अंगठा देऊन मोकळा होतो.

अशा दिवशी गुन्हा नोंदला जात नाही. पण शस्त्राने आपले काम केलेले असते. परवान्यावर कारण लिहिलेले असते, आत्मसंरक्षण.

आमच्या मागण्या पाच आहेत.

पहिली. या पट्ट्यातल्या प्रत्येक शस्त्र परवान्याचा कलम १७ खाली आढावा घ्या. ज्यांच्यावर मारहाण, खंडणी, धमकी किंवा जमीन बळकावण्याच्या गुन्ह्यात आरोपपत्र आहे, त्यांचा परवाना खटला संपेपर्यंत निलंबित ठेवा. पक्ष पाहू नका. पद पाहू नका.

दुसरी. पोलीस ठाण्यानुसार आकडे जाहीर करा. किती परवाने, कोणत्या वर्षी, कोणत्या कारणासाठी, आणि त्यांपैकी किती धारकांवर गुन्हे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार परवाने मिळालेल्यांचा तपशील शासनाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. आम्ही त्याहून कमी मागतो. आम्हाला घरांचे पत्ते नकोत. कोणाच्या सुरक्षेला धक्का नको.

तिसरी. बाहेरच्या राज्यांतले परवाने घेऊन इथे अंगरक्षक म्हणून वावरणाऱ्यांची नोंदवही तयार करा. राहण्याची जागा बदलली की नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला कळवणे त्यांचे कर्तव्य आहे. कळवले नसेल, तर कारवाई हे तुमचे कर्तव्य आहे.

चौथी. पोलीस ठाणे, महापालिका, तहसील आणि दुय्यम निबंधक कार्यालयात खासगी शस्त्राला दारातच थांबवा. जमा करा, पावती द्या, जाताना परत करा. जमीन मोजणीच्या जागीही हाच नियम लावा.

पाचवी. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या समितीने या पट्ट्यातल्या बेकायदा शस्त्रांबाबत काय केले, ते लेखी सांगा. कट्टे कोणत्या वाटेने येतात, कोण विकतो, किती पकडले आणि किती खटले शेवटास गेले.

आक्षेप येतील. त्यांची उत्तरे आत्ताच देतो.

खऱ्या गरजेच्या माणसाचे काय? रोकड नेणारा सराफ, धमकी आलेला साक्षीदार, निवृत्त जवान, नेमबाज खेळाडू, रानडुकरांपासून भात राखणारा शेतकरी आणि त्याची ठासणीची बंदूक. यांच्याविरुद्ध आमचे काही नाही. आढावा झाला, तर सर्वांत आधी तेच सुटतील. त्यांची कागदपत्रे सरळ आहेत. आढाव्याची भीती ज्याला वाटते, तो या यादीत नाही.

गुन्हेगार परवाना घेतो कुठे, कट्टे आधी पकडा. कट्टेही पकडा. पाचवी मागणी त्यासाठीच आहे. पण कट्टा शोधावा लागतो. परवान्याचे शस्त्र तुमच्याच नोंदवहीत लिहिलेले आहे. अवघड काम पुढे करून सोपे काम टाळता येणार नाही.

राजकीय हेतू आहे का? आहे, तर तो एकच. या शहरांतल्या माणसाला न भिता तक्रार देता यावी. जखमी कोणत्या पक्षाचा आणि आरोपी कोणत्या पक्षाचा, याने आमची मागणी बदलत नाही. हिललाईनमध्ये समोरासमोर आलेले दोन्ही पक्ष तेव्हा राज्याच्या सत्तेत एकत्र होते.

आता मुदतीनंतरचे.

एकसष्टाव्या दिवशी प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हद्दीतून माहिती अधिकाराचे अर्ज दाखल होतील. एकाच दिवशी. एकाच मसुद्यात. तीस दिवसांत उत्तर नाही, तर पहिले अपील. तिथेही नाही, तर राज्य माहिती आयोग. कलम २० खाली रोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड जन माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. प्रत्येक अर्जावर तो मागितला जाईल.

त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल होईल. मसुदा तयार आहे. पोचपावत्या तारखेनुसार जोडलेल्या आहेत. इथे न घेतलेली नावे तिथे असतील. प्रतिज्ञापत्रावर उत्तर द्यावे लागेल, आणि ते बदली झालेल्या साहेबांनाही द्यावे लागेल.

ज्या मंचावर खासगी शस्त्र दिसेल, त्या मंचासमोर आम्ही बसणार नाही. गणेशोत्सव असो, नवरात्र असो, दहीहंडी असो. ज्या मंडळाच्या व्यासपीठावर पिस्तूलवाला पाहुणा बसेल, त्या मंडळाला आमच्या सोसायट्यांतून वर्गणी मिळणार नाही. निर्णय झालेला आहे.

मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला लेखी प्रश्न विचारला जाईल. तुमच्या नावावर शस्त्र आहे का? तुमच्या सोबतच्या माणसांच्या नावावर आहे का? कोणाच्या परवान्यासाठी शिफारस केली होती का? उत्तर सोसायटीच्या फलकावर लागेल. उत्तर दिले नाही, तर तेही फलकावर लागेल.

आणि परवाना कार्यालयाच्या दारात आम्ही बसू. कायद्याने ठरलेल्या जागी, कायद्याने ठरलेल्या पद्धतीने. पाळ्या लावल्या आहेत. नोकरीवाले सुटीच्या दिवशी, निवृत्त मंडळी बाकीच्या दिवशी. एक गट उठेल, दुसरा बसेल. घोषणा नसतील. प्रत्येकाच्या हातात फक्त त्याच्या अर्जाची प्रत असेल.

कोणी चिथावणी देईल. आम्ही हात उचलणार नाही. कोणी आमच्यातल्या एकाला रात्री गाठून समजावू पाहील. त्याची तक्रार त्याच रात्री दाखल होईल आणि तिच्या प्रती सर्वांकडे असतील. एकट्याला घाबरवण्याचे दिवस गेले. या अर्जांवर कोणीही एकट्याने सही केलेली नाही.

आम्ही काय करणार, ते सगळे सांगितले. लपवण्यासारखे त्यात काही नाही. प्रत्येक पाऊल कायद्यात आहे, आणि प्रत्येक पाऊल टाकण्याची तयारी पूर्ण आहे.

तुमच्याकडे अधिकार आहे. कर्मचारी आहेत. नोंदवह्या आहेत. शस्त्र परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद आहे, प्रत्येक परवान्याला वेगळा क्रमांक आहे. साठ दिवस पुरेसे आहेत.

पुरले नाहीत, तर त्याचा अर्थ वेळ कमी पडला असा आम्ही घेणार नाही. इच्छा नव्हती, असाच घेऊ.

यापुढे या पट्ट्यात परवान्याच्या शस्त्रातून कोणावर गोळी सुटली, तर गोळी झाडणाऱ्याबरोबर परवाना देणाऱ्याचे, शिफारस करणाऱ्याचे आणि आढावा टाळणाऱ्याचे नावही आम्ही न्यायालयापुढे ठेवू. त्या दिवशी आम्हाला कल्पना नव्हती, असे म्हणता येणार नाही. हा मजकूर तुमच्यापर्यंत पोचला आहे.

उत्तर लेखी द्या. सहीनिशी द्या. तोंडी आश्वासन स्वीकारले जाणार नाही.

मुदतवाढ मिळणार नाही.